आधी नक्षीचा नकाशा, मग तोडफोड

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत बाथरूमच्या नूतनीकरणावर येणारे लेख मी नेमाने वाचतो. त्यांची कात्रणेही ठेवतो, कारण तीच कात्रणे घेऊन लोक माझ्याकडे येतात. मी फरशी आणि टाइल्स बसवण्याचे काम करतो, वडिलांच्या हाताखाली शिकलो. नक्षीदार टाइल्स पुन्हा घरांत येऊ लागल्या याचा मला मनापासून आनंद आहे. मधली बरीच वर्षे पांढरा, बदामी आणि राखाडी याखेरीज दुसरा रंग क्वचितच हाती यायचा. आता निळी वेलबुट्टी येते, षटकोनी येते, माशाच्या खवल्यांच्या आकाराची येते, आणि अशा कामात कारागिराचा जीव रमतो.

पण या लेखांतून कामाचा जो क्रम दिसतो, आणि लोक जो पाळतात, तो असा : आधी जुने फोडायचे, मग पाइप बदलायचे, मग वॉटरप्रूफिंग करून घ्यायचे आणि सगळ्यात शेवटी दुकानात जाऊन टाइल पसंत करायची. एकरंगी टाइलला हे कसेबसे चालून जाते. नक्षीच्या टाइलला चालत नाही. पाण्याची जाळी कुठे असावी, नळ कोणत्या उंचीवर यावा, कोनाडा किती रुंद ठेवावा, उंबरठा किती उचलावा, या सगळ्यांत नक्षीचा शब्द आधी ऐकावा लागतो. म्हणून टाइल आधी पक्की करावी, तिचा नकाशा कागदावर काढावा आणि त्यानंतरच हातोडा उचलावा. एवढेच माझे म्हणणे आहे. पण त्यामागची कारणे कुणी छापत नाही, म्हणून ती जरा सविस्तर लिहितो.

एक भिंत घ्या, रुंदी १५० से.मी. टाइल २० से.मी.ची चौकोनी, सांधा २ मि.मी.चा. सर्वसाधारण सवय अशी की एका कोपऱ्यापासून पूर्ण टाइल लावत निघायचे. सात टाइल्स बसतात आणि शेवटी साडेआठ से.मी.ची एक पट्टी उरते. दारातून आत शिरल्यावर नजर पहिल्यांदा त्या पट्टीवरच जाते. आता भिंतीचा मध्य काढून तिथे टाइल ठेवली, तर मधोमध सात आणि दोन्ही टोकांना चार-चार से.मी.च्या चिंध्या. त्या कापतानाच तुटतात. पण मध्यावर टाइल न ठेवता सांधा ठेवला, तर मध्ये सहा पूर्ण टाइल्स आणि दोन्ही कडांना १४.३ से.मी.चे सारखे तुकडे येतात. तेच सामान, तीच भिंत. फरक फक्त सुरुवात कुठून केली याचा.

नक्षी असली की या हिशेबाला आणखी एक घर वाढते. पुष्कळ नक्ष्या चार टाइल्स मिळून पूर्ण होतात, म्हणजे एकेका टाइलवर फुलाचा पाव भाग असतो. वरच्या उदाहरणात सहा टाइल्सच्या रांगेत तीन पूर्ण फुले बसतात आणि मधल्या फुलाचा गाभा बरोबर भिंतीच्या मध्यावर येतो. शॉवरचा नळ त्याच रेषेवर असला, तर भिंत जणू त्या नळासाठीच घडवल्यासारखी दिसते. तो चार बोटे बाजूला असला, तर फुलाची पाकळी ग्राइंडरने भोकसावी लागते आणि पुढे कायम काहीतरी चुकल्यासारखे वाटत राहते. भिंतीच्या आत बसणाऱ्या नळाची जागा प्लंबर ठरवतो ती टाइल येण्याच्या कितीतरी आधी. त्याच्या हातात नकाशा नसेल, तर त्या बिचाऱ्याला मध्य कुठे आहे हे कळणार कसे? कोनाड्याचेही तेच. साबण-शांपूसाठी भिंतीत कोनाडा ठेवायची आता पद्धतच पडली आहे. त्याची रुंदी आणि उंची टाइल अधिक सांधा या मापाच्या पटीत ठेवली, तर त्याच्या कडा सांध्यांवर येतात. तो अंदाजाने ठेवला, तर चारही बाजूंना तुकडे.

जमिनीचा प्रश्न याहून अवघड, कारण तिथे उतार द्यावा लागतो. शॉवरच्या भागात मीटरमागे एक ते दोन से.मी. उतार हवा, म्हणजे पाणी थांबत नाही. जाळी जमिनीच्या मधोमध असली, तर उतार चारही दिशांनी तिच्याकडे द्यावा लागतो. मोठी टाइल वाकत नाही, मग ती कोपऱ्यापासून जाळीपर्यंत तिरपी कापावी लागते, लिफाफ्याच्या मागच्या बाजूसारखी. नक्षी असेल तर ती त्या चार तिरप्या रेघांवर मोडते आणि कोणत्याही कारागिराने कितीही जीव ओतला तरी ती जुळत नाही. यातून दोनच चांगल्या वाटा आहेत. भिंतीलगत लांबट जाळी बसवायची, मग उतार एकाच दिशेने जातो आणि नक्षी अखंड राहते. नाहीतर शॉवरच्या भागात बारीक मोझॅक घ्यायचे, दोन-पाच से.मी.चे तुकडे उताराबरोबर आपोआप वळतात. यातली कोणतीही वाट धरायची तर जाळीची जागा आधी ठरवावी लागते, आणि जाळी एकदा काँक्रीटमध्ये पक्की झाली की ती हलवायला पुन्हा तोडफोड.

जाडीचा विचार तर कुणी करतच नाही. साधी पोर्सेलिन टाइल ८ ते १० मि.मी. जाड असते. साच्यात दाबून घडवलेली, भट्टीत न घालता पाण्याने मुरवलेली रंगीत सिमेंटची टाइल १६ ते २० मि.मी. असते. हल्ली ही सिमेंटची टाइल फार मागितली जाते आणि ती सुंदर आहेच. पण जमिनीची लेव्हल पातळ टाइलच्या हिशेबाने करून ठेवली आणि नंतर मन या टाइलवर बसले, तर बाथरूमची जमीन बाहेरच्या खोलीहून वर येते, दार घासते, आणि मग उतारातून से.मी.भर चोरून वेळ मारून नेली जाते. तिथेच पाणी साचायला सुरुवात होते.

आता नक्षी भिंतीवर घ्यावी की जमिनीवर? याचे उत्तर जुन्या कारागिरांनीच देऊन ठेवले आहे. इस्तंबूलमधली सुलतान अहमद मशीद १६१६ मध्ये पूर्ण झाली. तिच्यात तुर्कस्तानातल्या इझनिक गावात बनलेल्या वीस हजारांहून जास्त टाइल्स आहेत आणि त्या भिंतींवर आहेत. सतराव्या शतकातल्या नेदरलँड्समधल्या निळ्या-पांढऱ्या डेल्फ्ट टाइल्सही भिंतींवर, चुलीभोवती बसवल्या जात. रंग आणि काचेचा थर वरवर असला, तर पायाने तो झिजणार हे त्या लोकांना पक्के ठाऊक होते. जमिनीसाठी वेगळे तंत्र होते. एका रंगाच्या मातीत नक्षीची खाच ठेवायची, तीत दुसऱ्या रंगाची माती भरायची आणि मग भाजायचे. मध्ययुगात चर्चमध्ये अशा फरशा असत. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या मिंटन कारखान्याने ते तंत्र पुन्हा उभे केले. लंडनच्या संसद भवनात आणि वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये त्यांच्याच फरशा आहेत. या फरशीत नक्षी काही मि.मी. आतपर्यंत गेलेली असते, त्यामुळे पृष्ठभाग झिजला तरी फूल टिकते. हा भेद आजही लागू आहे. सिमेंटच्या टाइलमध्ये रंगाचा थर काही मि.मी. जाड असतो, ती जमिनीवर शोभते. भिंतीची म्हणून विकली जाणारी सिरॅमिक टाइल मात्र सच्छिद्र असते, ती स्वतःच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी शोषू शकते. तिच्यावरचा चकचकीत थर पायासाठी बनवलेला नसतो. ती फक्त भिंतीवरच लावावी. पोर्सेलिनची पाणी शोषण्याची मर्यादा अर्धा टक्का असते. खोक्यावर हे लिहिलेले असते, वाचून घ्यावे.

आजची बहुतेक ‘जुन्या धाटणीची’ टाइल ही पोर्सेलिनवर इंकजेटने छापलेली असते. ती घ्यायला माझी काहीच हरकत नाही, देखभाल सोपी जाते. फक्त एक गोष्ट विचारून घ्यावी : या डिझाइनचे वेगवेगळे चेहरे, म्हणजे छपाईचे नमुने, किती आहेत? दगडाची शीर किंवा झिजल्याचा भास दाखवणाऱ्या छपाईत ठरावीक इतकेच चेहरे असतात. सगळी खोकी उघडून, टाइल्स जमिनीवर पसरून, सारखे चेहरे लांब-लांब ठेवून मग बसवल्या, तरच तो भास टिकतो. एकाच खोक्यातून एकापाठोपाठ एक काढत गेले, तर तोच डाग शेजारी-शेजारी येतो. शेड आणि मापाचा नंबरही सगळ्या खोक्यांवर एकच असावा. सरळ मांडणीला दहा टक्के, तिरप्या किंवा नक्षी जुळवायच्या मांडणीला पंधरा टक्के माल जास्त घ्यावा आणि उरलेल्यातल्या काही टाइल्स खोक्यासकट जपून ठेवाव्यात. पुढे पाइप फुटला तर त्याच नंबरची टाइल बाजारात मिळेल याची खात्री नसते.

घसरण्याबद्दल लिहिल्याशिवाय मला हे पत्र संपवता येणार नाही. एका घरात ताईंना जमिनीवर चकचकीत निळी फुले हवी होती. त्यांचे सासरे काठी घेऊन चालत. मी म्हटले, “ताई, ही फुलं भिंतीवर घ्या. खाली त्याच निळ्यातलं खरखरीत मोझॅक घेऊ. फुलं डोळ्यांसमोर राहतील आणि बाबांचा पाय खाली टिकेल.” त्यांनी ऐकले. बाथरूम दिसायलाही सरस झाले, कारण नक्षी उभ्या भिंतीवर पूर्ण दिसते आणि जमिनीवर निम्मी बादलीखाली जाते.

दुकानात घसरण्याबद्दल विचारले की आर-नऊ, आर-दहा असे आकडे सांगतात. ती चाचणी बूट घालून, तेल सांडलेल्या उतारावर चालून केलेली असते. बाथरूममध्ये आपण अनवाणी असतो आणि पायाखाली साबणाचे पाणी असते. त्यासाठी जर्मनीत वेगळी चाचणी ठरवली गेली. साबणाच्या पाण्याने भिजवलेल्या फळीवर माणूस अनवाणी चालतो आणि फळी हळूहळू उचलत नेतात. १२ अंशांपर्यंत पाय टिकला तर ‘ए’, १८ पर्यंत ‘बी’, २४ पर्यंत ‘सी’. शॉवरखालच्या जमिनीला ‘बी’ हवा. विक्रेत्याला ही अनवाणी पायाची श्रेणी विचारावी. सांगता आली नाही, तर टाइल ओली करून, साबण लावून, तिच्यावर स्वतः उभे राहून पाहावे. मोझॅक पाय धरते कारण त्यात सांधे जास्त असतात.

टाइलच्या खाली काय आहे यावर थोडक्यात. टाइल आणि सांध्यांत भरलेला मसाला, म्हणजे ग्राउट, पाणी अडवत नाहीत. पाणी अडवतो तो त्यांच्याखालचा वॉटरप्रूफिंगचा थर. सिमेंटच्या ग्राउटमधून पाणी हळूहळू आत जातेच. म्हणून जमीन आणि शॉवरची भिंत पूर्ण उंचीपर्यंत या थराने रंगवलेली हवी, दोन हात एकमेकांना आडवे-उभे दिलेले हवेत, कोपऱ्यांत आणि पाइपांभोवती पट्टी चिकटवलेली हवी. त्यानंतर जाळीचे तोंड बंद करून पाणी भरावे, पातळीची खूण करावी आणि निदान २४ तास ठेवावे. पाणी उतरले किंवा खालच्या छताला ओल आली, तर अजून काहीच वाया गेलेले नसते. हे एक दिवसाचे थांबणे घरमालकांना जड जाते, पण टाइल लागल्यावर गळती शोधायची म्हणजे नक्षी फोडायची.

चिकटवण्याबाबत घरमालकाने एकच तपासावे. टाइलच्या मागे पाच ठिकाणी मसाल्याचे गोळे लावून ती दाबून बसवणे ही वाईट सवय सगळीकडे पसरली आहे. वरून ती सपाट दिसते, आतून पोकळ राहते. त्या पोकळीत पाणी साचते आणि कोपरा दाबला की टाइल तडकते. ओल्या जागी टाइलच्या मागचा ९५ टक्के भाग चिकटलेला असावा, असा या कामाचा नियम आहे. दातेरी थापीने ॲडेसिव्ह सरळ रेषांत ओढावे, टाइलच्या पाठीवरही पातळ हात द्यावा, आणि पहिल्या काही टाइल्सपैकी एक लगेच उचलून मागे पाहावे. पोर्सेलिन पाणी पीत नसल्याने तिला नुसता सिमेंटचा घोल धरत नाही, पॉलिमर मिसळलेले ॲडेसिव्हच लागते. काचेच्या मोझॅकला ते पांढरे हवे आणि रेषा दाबून सपाट केलेले हवे, नाहीतर थापीचे दात काचेतून आरपार दिसतात.

ग्राउटचा रंगही नकाशातच ठरवावा. नक्षीच्या पार्श्वभूमीचा रंग घेतला तर टाइल्स एकमेकींत मिसळतात आणि फूल एकसंध दिसते. गडद घेतला तर प्रत्येक चौकट वेगळी उठते आणि चार टाइल्सचे फूल चार तुकड्यांत वाटले जाते. मला पहिलेच आवडते. सिमेंटच्या टाइलला ग्राउट भरण्याआधी सीलर लावावा, नाहीतर गडद रंग तिच्या छिद्रांत शिरतो आणि निघत नाही. दोन भिंती मिळतात तो कोपरा आणि भिंत जमिनीला मिळते ती रेघ, इथे ग्राउट नको, त्याच रंगाचे सिलिकॉन भरावे. तिथे दोन्ही बाजू कणभर हलत असतात आणि ग्राउट तडकते. आणि काम संपल्यावर सिमेंटचे डाग काढायला ॲसिड ओतायची घाई करू नये. ॲसिड सांध्यांतले सिमेंट खाते, सिमेंटच्या टाइलचा रंग खाते, संगमरवर खाते, आणि सोनेरी किंवा चंदेरी मुलामा असलेली पट्टी तर डोळ्यांदेखत उतरते. टॉयलेट साफ करायच्या पुष्कळ द्रवांत तेच ॲसिड असते, तेव्हा ही काळजी पुढेही घ्यायची आहे.

आता एक गोष्ट, जी सजावटीच्या लेखात कधीच येत नाही. नक्षीदार मांडणीत कापाकापी जास्त असते. षटकोनी, खवल्यांच्या, तिरप्या मांडणीत प्रत्येक कडेला तुकडे लागतात. कोरड्या ग्राइंडरने टाइल कापली की जी पांढरी धूळ उठते, तिच्यात सिलिका असते. तिचे सगळ्यात बारीक कण फुप्फुसात खोल जाऊन बसतात आणि परत येत नाहीत. त्यातून सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो आणि तो बरा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये ही धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. बाथरूमसारख्या चिंचोळ्या जागेत, दार लावून, तोंडाला नुसता रुमाल बांधून हे काम आजही चालते. दार लावून घ्यायला घरातलेच सांगतात, बाहेर धूळ नको म्हणून. घरमालकाने एवढे करावे : कापण्यासाठी गॅलरीत किंवा अंगणात मोकळी जागा द्यावी, पाण्याची सोय करून द्यावी, पाण्यावर चालणारा कटर आणण्याची अट कामाच्या बोलणीतच घालावी आणि धुळीचा खरा मास्क घातल्याशिवाय कापू देऊ नये. नकाशा आधी तयार असला की कुठला तुकडा किती मापाचा, हे सगळे आधीच ठाऊक असते. मग सगळे काप बाहेर, ओल्या कटरवर, एका बैठकीत होतात. नकाशा नसला की दर दोन टाइल्सना उठून जागेवरच ग्राइंडर फिरवावा लागतो. माझ्यासोबत शिकायला येणारी मुले तरुण आहेत. त्यांच्या छातीत ही धूळ जाऊ नये असे मला फार वाटते.

म्हणून आपल्याला विनंती आहे. पुढच्या वेळी सजवलेल्या बाथरूमचे छायाचित्र छापाल, तेव्हा त्याच्या शेजारी हाताएवढ्या जागेत त्याचा नकाशाही छापा. मध्यरेषा कुठे धरली, जाळी कुठे आहे, टाइलचे माप आणि जाडी किती, सांधा किती, जमिनीच्या टाइलची अनवाणी पायाची श्रेणी कोणती, एवढे त्यात असू द्या. वाचक तो कापून प्लंबर आणि मिस्त्री दोघांपुढे ठेवू शकेल. असे नकाशे काढून द्यायला मी आनंदाने तयार आहे. कुणा वाचकाला आपल्या बाथरूमची मापे आपल्याकडे पाठवायची असतील, तर प्रत्येक भिंतीची रुंदी जमिनीलगत, कमरेच्या उंचीवर आणि छताजवळ अशी तीनदा घ्यायला सांगा, जमिनीचे दोन्ही कर्ण मोजायला सांगा आणि दार कोणत्या बाजूला उघडते तेही लिहायला सांगा. जुने प्लॅस्टर नीट ओळंब्यात क्वचितच असते, तेव्हा तीनपैकी सगळ्यात कमी भरलेले माप मी नकाशासाठी धरेन.

आपला,
एक फरशी कारागीर